दीड महिन्याच्या लशीला बाळ आलं की त्याची मान एकदा वळवून पाहा

सन्माननीय बालरोगतज्ज्ञ, लसीकरण सत्रावरच्या सिस्टर आणि आशाताई,

सप्रेम नमस्कार.

मी गेली सतरा वर्षं सातारा जिल्ह्यात लहान मुलांची फिजिओथेरपी करते. तुम्हा तिघांना एकाच पत्रात लिहितेय, कारण पहिल्या साडेतीन महिन्यांत बाळाला हात लावणारी घराबाहेरची माणसं म्हणजे मुख्यतः तुम्हीच. मान आखडल्यामुळे एकाच बाजूला बघणारं आणि त्यानं डोकं चपटं होत गेलेलं बाळ माझ्यापर्यंत पोचतं ते बहुतेक वेळा त्यानंतर, आणि सगळ्यात सोपे आठवडे तोवर हातातून गेलेले असतात.

गेल्या पावसाळ्यात एक आई पाच महिन्यांच्या मुलाला घेऊन आली. सोबत सासूबाई. तक्रार एवढीच, की टोपडं सरळ बसत नाही. नाडी हनुवटीखाली बांधली की थोड्या वेळात टोपडं एका बाजूला फिरतं आणि कान उघडा पडतो. मी टोपडं काढलं, बाळाला आईच्या मांडीवर बसवलं आणि मागे उभी राहून वरून पाहिलं. डोक्याची मागची डावी बाजू थापटून सपाट केल्यासारखी, तिथले केस घासून गेलेले. डावा कान उजव्यापेक्षा बोटभर पुढे सरकलेला, डावं कपाळही जरा पुढे आलेलं. मग त्याला गादीवर उताणं निजवून उजव्या बाजूला खुळखुळा वाजवला. डोळे उजवीकडे गेले, मान अर्ध्यावर थांबली आणि पोरगं अख्खं अंगच वळवू लागलं. गळ्याच्या उजव्या बाजूला बोट टेकवलं, तर कानामागून छातीच्या हाडाकडे उतरणारा स्नायू ताणलेल्या सुतळीसारखा लागला.

मी विचारलं, हे पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आलं? सासूबाई म्हणाल्या, “न्हाऊ घालायला येणाऱ्या मावशींच्या. विसाव्या दिवशीच म्हणाल्या होत्या, पोर एकाच अंगाला बघतंय म्हणून.”

म्हणजे विसाव्या दिवशी निदान झालेलं होतं. दीड महिन्याच्या लशीला आईनं दवाखान्यात विचारलं. उत्तर मिळालं, मान धरली की होईल नीट. अडीच महिन्यांना पुन्हा विचारलं, तेव्हा सांगितलं की सगळ्याच बाळांचं असं असतं. साडेतीन महिन्यांना तिनं विचारलंच नाही. दोनदा उत्तर मिळाल्यावर तिसऱ्यांदा विचारायला पहिलटकरणीला धीर होत नाही, हे तुम्हालाही माहीत आहे.

त्या डॉक्टरांना दोष द्यायला मी लिहीत नाही. त्यांचं म्हणणं अर्धं खरं होतं. पुष्कळ बाळांचं डोकं पहिल्या काही महिन्यांत थोडं चपटं होतं. कॅनडात कॅलगरीला सात ते बारा आठवड्यांची ४४० बाळं तपासली, तर ४६.६ टक्के बाळांच्या डोक्यावर कुठे ना कुठे सपाटपणा होता, आणि त्यातल्या तीन चतुर्थांशाहून जास्त बाळांचा अगदी सौम्य होता. मान दोन्हीकडे मोकळी फिरत असेल आणि घरच्यांनी उताणं निजवताना डोक्याची बाजू बदलत ठेवली, तर अशी बहुतेक डोकी बाळ बसू-रांगू लागेपर्यंत बरीच भरून येतात. त्यांना माझ्याकडे पाठवायचीही गरज नाही. अडचण होते ती मान अडकलेल्या बाळाची. त्याला बाजू बदलताच येत नाही. आपण त्याचा चेहरा दुसऱ्या बाजूला वळवून बाहेर गेलो की ते दोन मिनिटांत पुन्हा त्याच बाजूला येतं. ‘मान धरली की होईल’ हे वाक्य या दोन्ही बाळांच्या आयांना सारखंच सांगितलं जातं, आणि मान वळवून पाहिल्याशिवाय त्यांतलं कुठलं बाळ समोर आहे ते कळत नाही.

वेळेवर मी इतका भर देतेय त्याचं कारण टेपवर मोजता येतं. जन्मताच डोक्याचा घेर साधारण ३४ सेंटिमीटर असतो. पहिल्या तीन महिन्यांत तो साडेपाच-सहा सेंटिमीटरनं वाढतो, पुढच्या तीन महिन्यांत तीनच्या आत-बाहेर, आणि त्यानंतरच्या अख्ख्या सहा महिन्यांत मिळून पुन्हा तेवढाच. डोकं गोल होतं ते या वाढीतून. मेंदू वाढत असतो, कवटीची हाडं मऊ असतात, आणि जिथे दाब नसतो तिकडे ती भरत जातात. दाब एकाच जागी राहिला तर हीच वाढ डोकं तिरकं करते. त्या मुलाला मी पाचव्या महिन्यात हातात घेतलं, तेव्हा वाढीचा सगळ्यात मोठा भाग संपून गेला होता.

मानेचंही तसंच आहे. अमेरिकेतल्या बाल-फिजिओथेरपिस्टांच्या संघटनेनं जन्मजात आखडलेल्या मानेबद्दल २०१३ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आणि २०१८ मध्ये त्या सुधारल्या. त्यात दिलंय की पहिल्या महिन्याच्या आत उपचार सुरू झाले तर ९८ टक्के बाळांची मान सुमारे दीड महिन्यात जवळजवळ पूर्ण मोकळी होते. महिना उलटल्यावर सुरू केले तर साधारण सहा महिने लागतात, आणि सहा महिन्यांनंतर सुरू केले तर नऊ-दहा महिने, तेही पूर्ण यश येईलच असं नाही. माझ्या गादीवरचा अनुभव याच्याशी तंतोतंत जुळतो.

आता तपासणी. लस देण्याआधी करा, नंतर बाळ रडतं. बाळाला टेबलावर उताणं निजवा. आईला किंवा सिस्टरला दोन्ही खांदे हलके धरायला सांगा. डोकं दोन्ही तळव्यांत घेऊन चेहरा सावकाश उजवीकडे वळवा. या वयात हनुवटी सहज खांद्यापर्यंत जाते. मग डावीकडे. एका बाजूला ती आधीच थांबली, बाळ कुरकुरलं किंवा खांदा उचलायला लागला, तर जोर करू नका, तुम्हाला हवं ते कळलेलं आहे. तसंच डावा कान डाव्या खांद्याकडे आणि उजवा उजव्याकडे झुकवून पाहा. गळ्यावर बोटं फिरवा. दुसऱ्या ते चौथ्या आठवड्याच्या सुमारास काही बाळांच्या कानामागून छातीकडे उतरणाऱ्या त्याच स्नायूत बोराएवढी टणक गाठ लागते. आई तिला पाहून हादरलेली असते, पण ती गाठ बहुधा काही महिन्यांत आपोआप विरते. शेवटी बाळाला उभं धरून डोकं वरून पाहा: कान एका रेषेत आहेत का, कपाळ एकीकडे पुढे आलंय का. सगळं मिळून मिनिटभराचं काम.

गळ्याच्या उजव्या बाजूचा स्नायू आखडला असेल तर डोकं उजव्या खांद्याकडे कलतं आणि चेहरा डावीकडे वळतो. म्हणून चपटेपणा मागे डावीकडे येतो. आया हमखास उलट समजतात आणि ‘डावीकडे चपटं’ म्हणून डाव्या मानेला तेल चोळत बसतात. मान अशी सापडली की खुबेही एकदा नीट तपासा, कारण या बाळांमध्ये खुब्याचा सांधा कच्चा असण्याचं प्रमाण जास्त असतं.

काही बाळं माझ्याकडे मुळीच पाठवू नयेत, हेही इथेच लिहिते. दोन ते अडीच हजार बाळांत साधारण एकाच्या कवटीचा सांधा वेळेआधी जुळून येतो. तिथे बोटाला हाडाचा कंगोरा लागतो, आकार जन्मापासूनच वेगळा असतो आणि बाजू बदलूनही बिघडत जातो. निजण्यामुळे डोकं चपटं झालं असेल तर त्या बाजूचा कान पुढे सरकतो. मागचा सांधा जुळला असेल तर बहुधा कान मागे ओढला जातो. अशा बाळाला न्यूरोसर्जनची गरज असते आणि तिथे खरोखर दिवस मोजावे लागतात. मान वाकडी असून ताप, उलट्या किंवा डोळ्यांची वेगळी हालचाल दिसली, तर तेही स्नायूंचं दुखणं समजू नका. एकदा तिरकी मान घेऊन आलेल्या बाळाचा स्नायू मला अगदी मऊ लागला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी पाहिलं तेव्हा कळलं की ते नीट दिसावं म्हणून डोकं कलवत होतं.

सिस्टर, आशाताई, तुमच्या मनात येईल की बाळाला उताणं निजवा असं आम्हीच तर घरोघर सांगतो, मग चूक आमची का? चूक कुणाचीच नाही, आणि तो सल्ला बदलायचाही नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं १९९२ मध्ये बाळांना पाठीवर निजवायला सांगितलं, १९९४ मध्ये त्याची देशभर मोहीम झाली, आणि झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण तिथे पुढच्या काळात निम्म्यावर आलं. त्याबरोबर चपट्या डोक्याची बाळं वाढली. जिवाच्या बदल्यात हा सौदा कुणीही करेल. झोपताना बाळ उताणंच हवं. राहिलं ते जागेपणी पालथं घालणं, आणि त्याचा निरोप आपल्याकडून घरात पोचतच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांत ते स्पष्ट आहे: न रांगणाऱ्या बाळाला जागेपणी दिवसभरात मिळून निदान अर्धा तास पालथं ठेवावं.

हे आपल्या आज्यांना नवीन नाही. न्हाणीघरात मावशी पाय लांब करून बसतात, बाळाला नडग्यांवर पालथं घालतात आणि पाठीला तेल चोळतात. बाळ मान उचलून इकडे-तिकडे बघतं. पालथं घालणं म्हणजे हेच, आणि इतकं चांगलं मला माझ्या गादीवरही जमत नाही. पण आता घरं लहान झाली, मावशी मिळत नाहीत, मिळाल्या तर चाळीस दिवसच येतात, आणि आई बाळाला पालथं घालायला घाबरते. दूध वर येईल, छाती दबेल, अशी भीती घरात कुणीतरी घातलेलीच असते.

मावशींचं एक काम मात्र थांबवायला हवं आणि ते तुम्ही सांगितलंत तरच थांबेल: डोकं दाबून गोल करणं. दहा मिनिटं दाबायचं आणि मग बाळानं चौदा-सोळा तास पुन्हा त्याच बाजूवर निजायचं, यातून आकार येत नाही. मऊ टाळूवर जोर देणं तर धोक्याचंच. मोहरीच्या उशीचंही तेच. बारशाला हमखास येणारी ही भेट आता ऑनलाइन ‘डोकं गोल करणारी’ म्हणून विकली जाते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं २०२२ मध्ये डोक्याला आकार देणाऱ्या अशा उशा बाळांसाठी वापरू नका असा इशारा दिला, कारण त्यांनी श्वास कोंडण्याचा धोका वाढू शकतो. बाळाला उशी लागतच नाही. पण मावशींना दुखवून हे सांगू नका. त्या सव्वा महिना रोज बाळाला उघडं पाहतात, इतकं आपल्यातलं कुणीच पाहत नाही. ‘पोर एकाच अंगाला बघतंय का?’ एवढं आशाताईंनी त्यांना विचारलं असतं, तर माझ्या त्या मुलाचे चार महिने वाचले असते.

आमच्याकडे आल्यावर काय होतं ते सांगते, कारण ‘एवढ्याशा जिवाला व्यायाम?’ ही शंका डॉक्टरांच्या चेहऱ्यावरही मी पाहिली आहे. बाळाला ओढत-ताणत नाहीत. मी त्या आईला पहिल्या दिवशी पाळणा फिरवायला सांगितला. पाळणा भिंतीला लागून होता, खिडकी आणि माणसं एकाच बाजूला. उशाचं पायथ्याला केलं, की उजेड आणि आईचा आवाज उजवीकडून येऊ लागला. दूध पाजताना, दुपटं बदलताना, खेळवताना आपण त्याच्या उजव्या हाताला बसायचं. त्याला उजव्या कुशीवर आपल्या हातावर आडवं धरायचं, चेहरा बाहेरच्या बाजूला, आपला पुढचा हात त्याच्या कानाच्या आणि खांद्याच्या मधे. आखडलेला स्नायू त्याच्या स्वतःच्या वजनानं सैल होतो आणि बाळ तेवढ्यात दारातली कोंबडी बघत असतं. दुपटं बदललं की दरवेळी दोन-तीन मिनिटं पालथं, दूध पाजण्याआधी. वडिलांच्या छातीवर घातलं तर आणखी चांगलं, कारण तोंड बघायला ते मान उचलतंच. मी हातानं जो ताण देते तो हळू, बाळ शांत असताना, आणि ते रडलं की हात काढते. दिवसातली उरलेली सगळी फिजिओथेरपी आई करते. माझं खरं काम तिचे हात बसवून देणं.

हा उपचार नुसता धीर देण्यापुरता नाही. नेदरलँड्समध्ये ३८० बाळं सातव्या आठवड्यात पाहिली, त्यातली एकाच बाजूला मान ठेवणारी ६५ निवडली आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटाला चार महिने फिजिओथेरपी, दुसऱ्याला नेहमीची काळजी. २००८ मध्ये निष्कर्ष छापले गेले: फिजिओथेरपी मिळालेल्या गटात डोकं गंभीर तिरकं राहण्याचा धोका सहाव्या महिन्याला ४६ टक्क्यांनी आणि वर्षाला ५७ टक्क्यांनी कमी होता. त्या बाळांचं वय पुन्हा पाहा. सात आठवडे. तुमच्या दीड महिन्याच्या लशीला ते सहा आठवड्यांचं असतं.

उशीर झालेले आईवडील मला डोक्याला आकार देणाऱ्या हेल्मेटबद्दल विचारतात. कुणीतरी शहरातली जाहिरात दाखवलेली असते आणि किंमत ऐकून घरात दागिना मोडायची भाषा सुरू होते. नेदरलँड्समध्येच ८४ बाळांवर झालेला हेल्मेटचा अभ्यास २०१४ मध्ये आला. पाच-सहा महिन्यांची, मध्यम ते गंभीर चपटेपणाची, पण मान मोकळी असलेली बाळं होती. दोन वर्षांची झाल्यावर हेल्मेट घातलेल्यांत २६ टक्के पूर्ण बरी, न घातलेल्यांत २३ टक्के. हेल्मेटच्या गटातल्या सगळ्या आईवडिलांनी काही ना काही त्रास नोंदवला, घाम, वास, कातडी लाल होणं. अगदी टोकाच्या बाळांबद्दल तज्ज्ञांनी ठरवावं. पण पाचव्या महिन्यात हा प्रश्न आईवडिलांपुढे येऊच नये, ते सहाव्या आठवड्यात आपल्या हातात असतं.

माझ्या मते यंत्रणेतली फट इथेच आहे. नवजात बाळाच्या घरी जाऊन काळजी घेण्याचं काम आपल्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी नव्वदच्या दशकात उभं केलं आणि तेच पुढे देशभर आशाताईंचं काम झालं. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस अशा सहा भेटी. २०१३ च्या फेब्रुवारीत पालघरहून मुलांच्या आरोग्य तपासणीचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला, त्याची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतात. बेचाळिसाव्या दिवसानंतर ते पथक येईपर्यंत बाळाला नियमानं भेटणारं मुख्य ठिकाण म्हणजे लसीकरणाचं टेबल: दीड, अडीच, साडेतीन महिने. मान मोकळी करायचे सगळ्यात सोपे दिवस नेमके हेच. त्या टेबलावर आज वजन होतं, लस होते, कार्ड भरलं जातं. मान कुणी वळवत नाही, कारण कार्डावर तिला रकाना नाही.

तो रकाना यायचा तेव्हा येईल. तोवर बेचाळिसाव्या दिवसाच्या भेटीत आशाताईंनी आणि दीड महिन्याच्या सत्रात सिस्टरनी हे सुरू करावं, त्याला कुणाच्या आदेशाची वाट पाहावी लागत नाही. डॉक्टरांनी ‘बघू पुढच्या वेळी’ ऐवजी त्याच दिवशी चिठ्ठी द्यावी. जिल्हा रुग्णालयात लहान मुलांच्या अशा दोषांवर लवकर उपचार करणारं शीघ्र हस्तक्षेप केंद्र असतं, त्यात फिजिओथेरपिस्टचं पद असतं, तिथे पैसे लागत नाहीत. तिथे जाणं जमत नसेल तर जवळच्या, लहान मुलांचं काम करणाऱ्या कुणाकडेही पाठवा.

त्या मुलाची मान मोकळी व्हायला साडेसहा महिने लागले. आई एसटीनं यायची, दोन वेळा गाडी बदलून, सुरुवातीला आठवड्यातून दोनदा. डोकं पुष्कळ भरलं, पूर्ण नाही. डावा कान अजून थोडा पुढे आहे. यंदा एका आशाताईंनी पस्तीस दिवसांची मुलगी पाठवली. तिचीही मान उजवीकडूनच आखडलेली, तशीच सुतळी बोटाला लागली. सात आठवड्यांत सहा वेळा आली आणि मी तिला सोडलं. आता फक्त महिन्यातून एकदा बघते.

त्या आशाताईंच्या चिठ्ठीवर एकच ओळ होती: ‘मान उजवीकडे कमी वळते.’ मला तेवढं पुरलं. तुम्हीही तेवढंच लिहून पाठवा.

आपली,
एक बाल-फिजिओथेरपिस्ट
सातारा